शाळकरी मुलांचा लोकरी जंपर : सूत आणि वीण

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां सुरू झाली, कीं चिखलीची सकाळ निराळी दिसूं लागते. इंद्रायणीच्या कांठावर धुकें असतें, चाकणकडे पहिल्या पाळीला निघालेलीं माणसें कान बांधून मोटारसायकलींवरून जातात, आणि आमच्या वर्गांत पहिल्या तासाला निम्मीं मुलें हात कांखेंत धरून बसतात. दहा वाजले, कीं तींच मुलें अंगांतील लोकरी कपडे काढून दप्तरांत कोंबतात, आणि शाळा सुटल्यावर त्यांतले एक-दोन बांकाखालीं सांपडतात. गेल्या हिंवाळ्याच्या अखेरीस आमच्या कपाटांत असे बरेच बेवारशी कपडे जमले होते, व त्यांतले कांहीं हातांनीं विणलेले होते. दोन-दोन महिने डोळे शिणवून कोणा माउलीनें केलेलें काम धुळींत पडलेलें पाहून आम्हांस वाईट वाटलें. मुलांस रागें भरण्यापूर्वीं, हे कपडे त्यांना अंगावर कां नकोसे होतात याचा विचार करावा, असें आम्हीं ठरविलें. त्या विचारांतून जें निघालें तें येथें सांगतों.

प्रथम शब्दाचा खुलासा केला पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांच्या कांहीं आज्या व पणज्या पोलक्यालाच ‘झंपर’ म्हणत. तो येथें अभिप्रेत नाहीं. डोक्यावरून घालावयाचा लोकरी कपडा, ज्यास घरोघरीं स्वेटर म्हणतात, तो जंपर. आणि समोर उघडा, गुंड्या लावावयाचा, तो कार्डिगन. हें दुसरें नांव 1854 सालीं क्रिमियाच्या युद्धांत घोडदळ घेऊन चालून गेलेल्या लॉर्ड कार्डिगन याच्यावरून पडलें. त्याच युद्धांतील बालाक्लावा या गांवावरून इंग्रजींत आपल्या माकडटोपीचें नामकरण झालें, आणि तेथील इंग्रज सेनापति लॉर्ड रॅग्लन याचें नांव एका बाहीस मिळालें. त्या बाहीशीं आपणांस पुढें काम आहे.

आतां हवेकडे पाहूं. पुण्याच्या वेधशाळेंत 17 जानेवारी 1935 या दिवशीं पारा 1.7 अंश सेल्सियसपर्यंत उतरला होता. परंतु अशी पहांट विरळाच. डिसेंबर-जानेवारींत आपल्याकडे पहांटे सामान्यतः 10 ते 12 अंश असतात आणि त्याच दिवशीं दुपारीं 29-30. म्हणजे मूल शाळेंत येतें तेव्हांची हवा आणि घरीं जातें तेव्हांची हवा, या जणूं दोन प्रांतांच्या हवा होत. 1997 सालीं चिखली पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आली, आणि कारखान्यांच्या ओढीनें येथें नाना प्रांतांतून कुटुंबें येऊन राहिलीं. उत्तरेकडून आलेल्या माता विणकामांत आपल्यापेक्षां पुष्कळ तरबेज असतात, पण त्यांच्या हाताला संवय असते ती दिवसभर टिकणाऱ्या थंडीची. तेथला जाड, गळाबंद जंपर येथें नऊ वाजतांच मुलाला नकोसा होतो. येथें हवा तो पातळ, झटकन निघणारा आणि दप्तरांत थोडी जागा घेणारा कपडा.

सूत निवडतांना दुकानदार पुढें करील त्या गुंड्यास हात लावण्यापूर्वीं तें कशाचें आहे हें विचारावें. लोकरीचा तंतु कुरळा असतो. त्यामुळें धाग्यांत हवा अडकून राहते आणि ती अंगाची ऊब बाहेर जाऊं देत नाहीं. शिवाय आपल्या वजनाच्या सुमारें तीस टक्के ओलावा शोषूनही लोकर हाताला ओली लागत नाहीं. मैदानावर धांवून घामेजलेल्या मुलास हा गुण फार उपयोगाचा.

‘मग धनगरांच्या मेंढ्यांचीच लोकर कां घेऊं नये?’ असें एका विद्यार्थिनीनें आम्हांस विचारलें. प्रश्न रास्त आहे; मेंढ्यांचे कळप तर आपल्याच माळांवरून जातात. त्याचें उत्तर तंतूच्या जाडींत आहे. ही जाडी मायक्रॉनमध्यें, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजतात. सुमारें 30 मायक्रॉनहून जाड तंतूंचीं टोंकें कातडीस टोंचूं लागतात. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर बहुधा 17 ते 24 मायक्रॉन असते; आपल्या दख्खनी मेंढीची याहून बरीच भरड व केंसाळ असते. तिचें घोंगडें विणून त्यास चिंचोक्याची खळ दिली, कीं तें पावसापाण्यांत माणसाची पाठ राखतें. पण मानेला घांसणाऱ्या जंपरास तीच लोकर दिली, तर मूल दिवसभर मान खाजवीत बसेल.

बाजारांत ‘लोकर’ या नांवानें जें मिळतें त्यांतलें पुष्कळसें लोकर नसतेंच. तें ॲक्रिलिक, म्हणजे खनिज तेलापासून केलेलें सूत होय. 1950 च्या सुमारास अमेरिकेंत त्याची मोठ्या प्रमाणावर विक्री सुरू झाली. स्वस्त, रंगानें पक्कें, धुलाईयंत्रांत टाकलें तरी न आटणारें, असे त्याचे गुण आम्ही नाकारीत नाहीं. वर्षभरांत आंखूड होणाऱ्या कपड्यासाठीं आईनें तें घेतलें तर तिला दोष कसा द्यावा? मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. घरांतील मोठ्या माणसानें चिमट्यांत बोटभर धागा धरून थाळीवर जाळून पाहावा. खरी लोकर मंद जळते, जळलेल्या केंसांसारखी घाण सुटते, आणि ज्योत काढली कीं ती बहुधा विझते. मागें उरणारी राख चिमटींत चुरते. ॲक्रिलिक वितळत वितळत भराभर जळतें आणि त्याचा कठीण काळा मणि होतो. हाच वितळलेला थेंब मुलाच्या अंगावर पडला, तर तो कातडीला चिकटतो. आपल्याकडे पहांटे मुलें शेकोटीभोंवतीं उकिडवीं बसतात, मुली गॅसपाशीं चहा ठेवतात. अशा मुलांच्या अंगांत खऱ्या लोकरीचाच कपडा असावा असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढी ऐपत नसेल, तर जंपर अंगासरसा, बाह्या मनगटाशीं आवळलेल्या असाव्या, आणि जाळापाशीं बसतांना तो काढून ठेवण्याची सक्त ताकीद द्यावी. मिश्र सुतांतही लोकरीचा भाग थोडा असल्यास हाच धोका राहतो.

जाडीविषयीं आमची पसंती चौपदरी सुतास, ज्यास दुकानांत फोर प्लाय म्हणतात. तें 10 नंबरच्या सुयांवर विणावें. (आपल्याकडील सुयांचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितकी सुई बारीक. 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर, 8 नंबर म्हणजे चार.) चौपदरींत दहा सेंटिमीटरांत सुमारें 28 टांके बसतात, डबल निटिंग या जाड सुतांत 22. तेव्हां चौपदरी जंपरास श्रम जवळजवळ दीडपट पडतात, हें आम्ही लपवीत नाहीं. नऊ-दहा वर्षांच्या मुलास सुमारें 250 ग्रॅम सूत लागतें, 300 घ्यावें. सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत कीं नाहींत हें वेष्टनावरील आंकडा पाहून ठरवावें, कारण दिव्याच्या उजेडांत सारखे दिसणारे दोन निळे रंग सकाळच्या उन्हांत वेगळे दिसतात.

आतां जो भाग बहुतेक जणी टाळतात, तो. जंपर सुरू करण्यापूर्वीं पंधरा सेंटिमीटर चौरस नमुना विणावा, तो धुवावा, वाळवावा, आणि मग मधल्या दहा सेंटिमीटरांतील टांके मोजावे. याचें कारण आंकड्यांनीं सांगतों. मुलाची छाती 68 सेंटिमीटर. आंत सदरा असतो म्हणून 8 सैल धरलें, म्हणजे 76. दहा सेंटिमीटरांस 28 टांके या हिशेबानें पुढचे 106 व मागचे 106, एकूण 212 टांके झाले. पण आपला हात सैल असून 26 टांकेच बसत असतील, तर तोच जंपर साडेएक्क्याऐंशी सेंटिमीटरांचा होऊन पोत्यासारखा लोंबेल. हात घट्ट असून 30 बसत असतील, तर तो एकाहत्तरही भरणार नाहीं, आणि सदऱ्यावरून ओढतांना मूल रडकुंडीस येईल. दोन टांक्यांची चूक अशी सुमारें पांच सेंटिमीटरांची होते. हात सैल असेल तर तो बदलण्याच्या खटपटींत पडूं नये. सुई एक नंबर बारीक घ्यावी.

विणीच्या नक्षीविषयीं फार लिहीत नाहीं. साधी वीण, म्हणजे एक ओळ सुलट व एक उलट, शाळेच्या कपड्यास पुरे. तिच्या कडा वळतात, म्हणून घेर, मनगटें व गळा यांस एक सुलट एक उलट अशी पट्टी, आणि तीही दोन नंबर बारीक सुईनें. वेण्या आणि फुगीर नक्षी दिसतात सुरेख, पण सूत खातात आणि कपडा जाड करतात. पहिल्या पाळीला जाणाऱ्या वडिलांसाठीं विणावयाचें असेल, तर मात्र वीण चांगली दाट धरावी आणि गळा उंच ठेवावा. मोटारसायकलीवरचा वारा सैल विणींतून सरळ आंत शिरतो.

गळ्याचा प्रश्न नाजूक आहे. घट्ट टांक्यांनीं केलेला गळा डोक्यावरून जात नाहीं. आणि दोन वेण्या घालून, रिबिनी बांधून आलेल्या मुलीस डोक्यावरून जंपर काढणें म्हणजे केंसांचा सत्यानाश. म्हणून ती उन्हांत घामाघूम होऊन तशीच बसते. अशा मुलींस समोर गुंड्यांचा कार्डिगनच द्यावा. मुलांस पुढें टोंकदार गळा चालतो.

आतां रॅग्लनच्या बाहीकडे येऊं. वॉटर्लूच्या लढाईंत (1815) उजवा हात गमावलेल्या त्या सेनापतीच्या नांवानें ओळखली जाणारी ही बाही खांद्यावर न जोडतां गळ्यापासून कांखेपर्यंत तिरपी जाते. ती वरून खालीं विणतां येते, हा तिचा मोठा लाभ. गळ्याचे टांके घालून त्यांचे पुढचा भाग, मागचा भाग व दोन बाह्या असे वाटे करावे. त्यांच्या चार सांध्यांशीं दोन्ही बाजूंस एकेक टांका एक ओळ सोडून वाढवीत जावें, म्हणजे दर दुसऱ्या ओळींत आठ टांके वाढतात. कांखेपर्यंत आलें, कीं बाह्यांचे टांके जाड दोऱ्यांत ओवून ठेवावे आणि अंग खालपर्यंत विणावें; बाह्या मागून. मधून मधून मुलाच्या अंगास लावून पाहतां येतें, ही सोय आणखी.

पण आम्हीं ही रीत निवडली ती पुढच्या वर्षाकडे पाहून. विणलेलें काम सुखानें उसवतें तें जेथें संपविलें त्या टोंकाकडून. जेथें टांके घातले त्या टोंकाकडून उसवूं गेलें तर धागा पावलोपावलीं अडतो. नेहमींच्या रीतींत सुरुवात घेरापासून होते, म्हणून मूल वाढलें कीं जंपर लहान भावंडाकडे जातो किंवा सगळाच उसवावा लागतो. वरून विणलेल्या जंपराचा शेवट घेराशीं व मनगटांशीं असतो. पुढच्या नोव्हेंबरांत तेथील बंद केलेले टांके सोडावे, पट्टी उसवावी, टांके सुईवर घ्यावे, चार-पांच सेंटिमीटर विणून पुन्हां पट्टी करावी. मुलास आणखी एक हिंवाळा निघतो. छातीची रुंदी मात्र अशी वाढत नाहीं. म्हणून तेथें आरंभींच आठ सेंटिमीटर सैल धरलें. ज्यादा घेतलेले 50 ग्रॅम याच कामासाठीं.

धुण्याविषयीं आमचीच फजिती सांगतों. एका संध्याकाळीं घाईंत आम्हीं एक लोकरी जंपर कढत पाण्यांत घालून चोळला. दहा वर्षांच्या मुलाचा होता, बाहेर निघाला तो पांच वर्षांच्या मुलाचा. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ऊन पाणी व चोळणें यांनीं ते एकमेकांत गुंततात आणि मग कोणत्याही उपायानें सुटत नाहींत. थंड पाणी, सौम्य साबण, न चोळतां दाबणें, आणि टॉवेलांत गुंडाळून पाणी काढणें, एवढें पुरे. दोरीवर टांगूं नये, ओझ्यानें तो लांबतो. सावलींत बाजेवर पसरावा. राखून ठेवलेलें सूतही लडीच्या रूपांत त्याच घमेल्यांत धुवावें आणि जंपराशेजारींच वाळत घालावें, म्हणजे दोन वर्षांनीं जोड दिली तरी नवा भाग जुन्याहून गडद दिसत नाहीं.