खटका, कडं, भोक आणि मधमाशी

घडीचे चाकू बनवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये मॉडेलांची नुसती जत्रा असते. त्यामुळे शौकीन मंडळी जमली की एक वाद हमखास रंगतो. यातला एकच चाकू ठेवून बाकीचे वितळवून टाकायचे म्हटलं, तर कंपनीचं नाव कुठल्या मॉडेलवर टिकेल? या वादात सगळ्यात महागडा चाकू क्वचितच जिंकतो. सगळ्यात चांगला तर त्याहूनही क्वचित. जिंकतो तो असा चाकू, ज्याच्यात बदल करायची हिंमत आता खुद्द कंपनीलाही होत नाही. आणि त्याची ओळख बहुतेक वेळा एका फुटकळ गोष्टीवर उभी असते: एखादा आवाज, एखादं भोक, एखादा किडा.

नंबर आठचा मान

पेपरातला सोपा प्रश्न म्हणजे ओपिनेल. फ्रान्सच्या साव्हॉय प्रांतातल्या डोंगरात जोसेफ ओपिनेलचे वडील कुऱ्हाडी-कोयते घडवायचे. १८९० मध्ये अठरा वर्षांच्या जोसेफने त्याच भट्टीवर खिशात मावेल असा साधा चाकू केला: लाकडी मूठ, एक पातं, एक खिळा. १८९७ पर्यंत त्याची एक ते बारा नंबरची मापं झाली. आज अकरा नंबर मागाल तर मिळणार नाही. १९३० च्या दशकात एक आणि अकरा या दोघांना नारळ देण्यात आला. एक नंबर फारच चिमुकला होता; साखळीला अडकवायचा आणि चिलीम साफ करायला वापरायचा. अकरा नंबरचा गुन्हा एवढाच की तो दहा आणि बारा यांच्या मधोमध होता आणि त्याचं वेगळेपण कुणाला जाणवत नव्हतं.

आठ नंबर मात्र घरोघरी पोचला. साडेआठ सेंटिमीटरचं पातं, बीच लाकडाची मूठ आणि पात्याच्या मुळाशी फिरणारं पोलादी कडं. हे कडं १९५५ चं, मार्सेल ओपिनेल यांच्या डोक्यातून निघालेलं. ते फिरवलं की उघडलेलं पातं बोटांवर मिटत नाही. म्हणजे ज्या कड्यावरून आपण हा चाकू ओळखतो, ते त्याच्या आयुष्याची पहिली पासष्ट वर्षं त्याच्यावर नव्हतंच.

या चाकूची एक खोडही प्रसिद्ध आहे. मूठ लाकडाची, त्यामुळे भिजली की फुगते आणि पातं आत रुतून बसतं. त्यावर साव्हॉयचा गावठी इलाज असा: कडं सैल करायचं, मुठीचं बूड टेबलाच्या कडेवर ठण्णकन आपटायचं, पातं मुकाट डोकं वर काढतं. या ठोक्याला साव्हॉयवाल्यांचंच नाव आहे. दुसऱ्या एखाद्या कंपनीने दोष म्हणून लपवली असती ती गोष्ट इथे परंपरा होऊन बसली. १९८९ मध्ये लारूस या फ्रेंच शब्दकोशात ‘ओपिनेल’ हा शब्द दाखल झाला आणि निवडीचा प्रश्नच मिटला.

पात्यावरची खूण बघायला विसरू नका. मुकुट घातलेला हात, दोन बोटं आशीर्वादासाठी उंचावलेली. जवळच्या सें-जां-द-मोरिएन गावाच्या मानचिन्हातून हा हात १९०९ मध्ये उचलला. तिथल्या कॅथेड्रलमध्ये बाप्तिस्मा देणाऱ्या संत योहानाच्या बोटांचे अवशेष असल्याची श्रद्धा आहे. मुकुट साव्हॉयच्या ड्यूकशाहीचा. भाजी चिरायच्या चाकूवर इतकं वजनदार गोत्र!

आवाजावरून माणूस ओळखावा तसा

अमेरिकेत हाच मान बक कंपनीच्या ११० नंबरला. १९६४ च्या सुमारास बाजारात आलेला हा शिकाऱ्यांचा चाकू. पितळी टोकं, गडद लाकडाची मूठ, जवळपास साडेनऊ सेंटिमीटरचं पातं आणि दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन. खिशात ठेवलात तर पँट एका बाजूला ओघळेल, म्हणून कमरेला चामडी म्यान. तोवर शिकारीला जाणारा माणूस न मिटणारा लांब चाकू न्यायचा, कारण घडीच्या चाकूवर भरवसा नव्हता. बकच्या पाठीवरच्या खटक्याने तो दिला. पातं पूर्ण उघडताच असा खणखणीत आवाज होतो की शेजारच्या तंबूतला माणूसही मान वळवेल. पुढे इतक्या कंपन्यांनी नक्कल केली की तिकडे पाठीवर खटका असलेल्या कुठल्याही घडीच्या चाकूला लोक सरसकट ‘बक नाइफ’ म्हणू लागले. कंपनीच्या वकिलांना याचा ताप होत असेल, पण आपल्या वादात मात्र याहून मोठा पुरावा नाही.

बकच्या बोधचिन्हात चाकूवर हातोडा मारून लोखंडी बोल्ट तोडतानाचं चित्र आहे. घरी करून बघू नका. तो जाहिरातीचा भाग होता.

गावाचं नाव, पण गावाचं नाही

आता गुंता. लायोल हे दक्षिण फ्रान्समधल्या ओब्राक पठारावरचं छोटं गाव. इथल्या चाकूची वळणदार कंबर आणि कमानीवर बसलेली मधमाशी पाहिली की कुणीही ओळखेल. पण हा चाकू कुठल्या कंपनीचा? कुठल्याच एका नाही! नाव खुलं राहिल्यामुळे फ्रान्समध्ये बरेचसे लायोल तिएर या दुसऱ्याच गावात बनतात आणि स्वस्तातले आशियातून येतात. वर १९९३ मध्ये गावाबाहेरच्या एका उद्योजकाने ‘लायोल’ हे नाव स्वतःच्या नावे नोंदवून घेतलं. २०१२ मध्ये गाव कोर्टात हरलं, तेव्हा चिडलेल्या गावकऱ्यांनी वेशीवरची गावाच्या नावाची पाटीच उतरवली. पुढे २०१९ मध्ये पॅरिसच्या अपील न्यायालयात वारं गावाच्या बाजूने फिरलं.

त्या मधमाशीबद्दलही एक लोणकढी थाप फिरते, की गावच्या पराक्रमी पोरांवर खूश होऊन नेपोलियनने ती बहाल केली. नेपोलियन वारला १८२१ साली. लायोल चाकूची सुरुवात धरतात १८२९ पासून. पुढचं गणित तुम्हीच करा.

बक जितका ठणकावून उघडावा, तितका लायोल हळुवार मिटावा लागतो. झटक्यात सोडला तर पात्याची धार आतल्या कमानीवर आदळून बोथट होते, म्हणून जाणती माणसं बोटाने धरून पातं खाली बसवतात. माझं मत विचाराल तर फोर्ज द लायोल या कारखान्याच्या पारड्यात पडेल. १९८७ मध्ये चाकूचा धंदा पुन्हा गावात आणण्यासाठी तो निघाला. इमारत डिझायनर फिलिप स्टार्क यांची, आणि तिच्या छपरातून अठरा मीटर उंचीचं पातं आभाळात घुसलेलं. पत्ता विचारायची गरज नाही.

आपल्याकडे या जातीचा एकच मासला: रामपुरी. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा हा लांब पात्याचा चाकू. बनवणाऱ्या कारागिराचं नाव कुणाला सांगता येणार नाही, पण मुंबईच्या हिंदी सिनेमाने त्याचा खटका साऱ्या देशाच्या कानात बसवला. खलनायकाने तो नुसता उघडला की अर्धं काम झालं. पुढे सरकारने पात्याच्या लांबीवर बंधनं घातली आणि धंदा आक्रसला. २०२३ मध्ये रामपूरने एका चौकात वीसेक फुटांचा चाकूच उभा केला. स्टार्कपेक्षा बसकाच, पण आकांक्षा तीच.

भोक, ठिपके आणि इतर मानकरी

कोलोरॅडोच्या स्पायडर्कोने १९८१ मध्ये पात्याला गोल भोक पाडलं. अंगठा त्यात अडकवला की चाकू एका हाताने उघडतो. त्याच चाकूला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिपही होती. आज दोन्ही गोष्टी इतक्या सवयीच्या झाल्यात की कुणीतरी त्या पहिल्यांदा केल्या असतील हेच सुचत नाही. गोल भोक कंपनीने ट्रेडमार्क करून ठेवलंय, म्हणून इतरांची भोकं लांबट किंवा भलत्याच आकाराची दिसतात. चाहते कंपनीच्या पॅरामिलिटरी या मॉडेलवर जीव टाकतात. मी १९९० च्या डेलिकाला मत देतो. ती छोटी, हलकी आणि कामसू आहे.

क्रिस रीव्ह यांच्या कंपनीबद्दल वादच नाही. सेबेंझा, बस्स. रीव्ह मूळचे दक्षिण आफ्रिकेचे आणि या नावाचा झुलू भाषेत अर्थ ‘काम’. टायटॅनियमच्या मुठीचाच एक भाग आत सरकून पातं अडवतो. हा खटका पुढे अर्ध्या बाजाराने उचलला. किंमत मात्र अशी की घेणारा बिचारा काम करायलाच कचरतो.

पेनसिल्व्हेनियाच्या केस कंपनीचा चेहरा म्हणजे ट्रॅपर, सारख्या लांबीची दोन पाती असलेला. पण संग्राहकांना वेड लावलं ते ठिपक्यांनी. १९७० पासून कंपनीने पात्याच्या मुळाशी दहा ठिपके ठोकले आणि दर वर्षी एकेक कमी करत नेला. त्यामुळे जुना केस हातात आला की माणसं आधी धार बघत नाहीत, चष्मा लावून ठिपके मोजतात.

जपानच्या मिकी शहरातला हिगोनोकामी तर खटक्याच्याच विरोधात आहे. दुमडलेल्या पत्र्याची मूठ, मागे आलेली एक शेपटी. ती अंगठ्याने दाबून धरायची, तोच त्याचा खटका. एके काळी जपानी शाळकरी मुलांच्या खिशात तो पेन्सिलीला टोक करायला असायचा. १९६० मध्ये समाजवादी नेते असानुमा यांची एका सतरा वर्षांच्या मुलाने भर सभेत हत्या केली. शस्त्र होतं जुनी आखूड तलवार, पण मुलांच्या हातात पातं नकोच या लाटेत बिचाऱ्या पेन्सिलवाल्या चाकूचीही गच्छंती झाली. हिगोनोकामी हे नाव अधिकृतपणे वापरणारा कारखाना आता एकच उरलाय, नागाओ यांचा. तेव्हा प्रतिनिधी निवडायची कटकट नाही.

सैन्याचा नसलेला सैन्याचा चाकू

सगळ्यात कठीण पेपर शेवटी. व्हिक्टोरिनॉक्सचा एक चाकू निवडा!

स्विस सैन्याचा पहिला चाकू निघाला १८९० मध्ये, आणि तो बनला जर्मनीतल्या झोलिंगेन शहरात. व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक, इबाख गावचे कार्ल एल्सनर यांना हे खपलं नाही. १८९१ पासून त्यांनी सैन्याला स्विस बनावटीचे चाकू पुरवायला घेतले. जर्मन माल स्वस्त पडायचा, साथीदार गळाले आणि एल्सनर कर्जात बुडाले. मग १८९७ मध्ये त्यांनी एका कमानीवर दोन्ही बाजूंनी अवजारं बसवायची युक्ती काढली. चाकू हलका झाला, त्यात दुसरं छोटं पातं आणि कॉर्कस्क्रू मावला. हाच ‘ऑफिसरचा चाकू’. गंमत अशी की सैन्याने तो कधी अधिकृतपणे वाटला नाही. अधिकारी पदरमोड करून विकत घ्यायचे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांना त्याचं लांबलचक जर्मन नाव पेलेना, म्हणून ते सरळ ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणू लागले. सैनिकांना मिळणारा खरा सरकारी चाकू वेगळाच. त्यात कॉर्कस्क्रू कधीच नव्हता, आणि २००८ पासूनचा तर हिरवा-काळा आहे. लाल रंग शोधणाऱ्यांची निराशाच होणार.

कुणी क्लासिकला मत देतात. ५८ मिलिमीटरचा, किल्लीच्या जुडग्यातला; विमानतळावर विसरून जप्त होणाऱ्यांचा शिरोमणी. कुणी तेहतीस कामांच्या स्विसचॅम्पचं नाव घेतात, पण तो चाकूचा कॅटलॉग झाला, चाकू नव्हे. तो मोहच वाईट. प्रतिस्पर्धी वेंगरने २००६ मध्ये ८७ अवजारांचा एक अगडबंब चाकू काढला होता, जो खिशातच काय, धड मुठीतही मावत नव्हता. मी स्पार्टनवर शिक्का मारतो. दोन पाती, डबा आणि बाटली उघडायची सोय, आर आणि कॉर्कस्क्रू. म्हणजे थोडक्यात १८९७ चा तोच जुना चाकू, एल्सनरना कर्जातून वर काढणारा.

२०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख, म्हणजे आणखी एक कार्ल एल्सनर, म्हणाले की पातंच नसलेल्या खिशातल्या अवजारावर काम सुरू आहे, कारण अनेक देशांत चाकूंचे कायदे कडक होत चाललेत. शौकिनांनी कपाळाला हात लावला. माझी हरकत नाही. कॉर्कस्क्रू ठेवला, तर माझं मत त्यालाही.