रविवारचा दर

ऑस्ट्रेलियात दुकानात रविवारी काम केलं, की नेहमीपेक्षा चढ्या दराने पगार मिळतो. त्याला तिथे ‘पेनल्टी रेट’ म्हणतात. पेनल्टी म्हणजे दंड, आणि तो मालकाला. सुटीच्या दिवशी माणसं कामाला लावणं महाग पडावं, हा जुना हेतू. घरच्यांसोबतचा दिवस गमावणाऱ्याला भरपाई मिळावी, हा दुसरा.

हा दर सरकार थेट ठरवत नाही. प्रत्येक धंद्यासाठी किमान वेतनाचा बंधनकारक नियमसंच असतो, त्याला ‘अवॉर्ड’ म्हणतात. त्यात बदल करतो ‘फेअर वर्क कमिशन’ हा स्वतंत्र लवाद. 23 फेब्रुवारी 2017 रोजी त्याने किरकोळ दुकानं, हॉटेलं, फास्ट फूड आणि औषधांची दुकानं यांतले रविवारचे दर खाली आणले. दुकानातल्या कायम कामगाराला मूळ वेतनाच्या 200 टक्के मिळत होते; 2020 पर्यंत टप्प्याटप्प्याने ते 150 टक्क्यांवर आले.

हिशेब करून पाहू. मूळ वेतन ताशी 20 डॉलर धरलं, तर आठ तासांच्या रविवारचे आधी 320 डॉलर होत, कपातीनंतर 240. वर्षात असे 50 रविवार भरले, तर 4,000 डॉलर गेले. तुटपुंज्या पगारात घरभाडं याच पैशांवर भागतं.

मालकांचा दावा होता, की दर उतरले तर रविवारी जास्त माणसं कामावर घेता येतील. थोडा रोजगार वाढेल, असं लवादालाही वाटलं. पण या कामगारांपैकी अनेकांचं जेमतेम भागतं आणि त्यांना झळ बसेल, हेही त्याने निकालातच मान्य केलं.

मग राजकारण तापलं. लवाद स्वतंत्र आहे, त्याचा निकाल मानावा, अशी माल्कम टर्नबुल सरकारची भूमिका होती. लेबर पक्षाचे बिल शॉर्टन यांनी कपात रद्द करण्याचं वचन दिलं. कामगार संघटना फेडरल कोर्टात गेल्या आणि हरल्या. 2019 ची निवडणूक लेबर पक्षही हरला.

पुढे सत्तेवर आलेल्या लेबर सरकारने 2025 मध्ये कायदा केला: अवॉर्डमधले पेनल्टी दर लवादाला यापुढे घटवता येणार नाहीत. पण आधी घटलेले दर या कायद्याने परत आणले नाहीत. रोजगार वाढवायचाच असेल, तर त्याचा खर्च सर्वांत कमी कमावणाऱ्याच्या रविवारातून काढणं अन्यायाचं आहे.