पूर्वजांचा माग सरकारी दप्तरात

चाकण, पिंपरी, चिंचवडच्या शेतांवर कारखाने उभे राहिले, तरी त्या जमिनी कसणाऱ्यांची नावे महसुली दप्तरात टिकून आहेत. सुरुवात सातबाऱ्यापासून करा. त्यावरच्या फेरफार क्रमांकावरून गाव नमुना 6 मधली मूळ नोंद सापडते. मृत खातेदार आणि त्याचे वारस फेरफारात नावानिशी येतात, म्हणून वारसनोंदीच्या एकेका फेरफाराने एक पिढी मागे जाता येते. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजेच कोतवाल बुकात मिळतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधून जन्मतारीख व जन्मगाव कळते. जमीन एमआयडीसीत गेली असेल, तर भूसंपादनाचा निवाडा पाहावा.

चाकणची जुनी कागदपत्रे खेड तहसीलच्या अभिलेख कक्षात, म्हणजे राजगुरुनगरला शोधावीत; पिंपरी-चिंचवडची बहुतेक गावे पूर्वापार हवेली तालुक्यातली, म्हणून त्यांची कागदपत्रे तिथे शोधावीत. जुने कागद बहुधा मोडीत असतात, त्यामुळे जाणकार वाचक सोबत हवा. अर्जात गाव, गट किंवा जुना सर्व्हे क्रमांक आणि अंदाजे वर्ष लिहून प्रमाणित नक्कल मागावी. मात्र त्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नावे आणि नाती लिहून घ्या. ती कोणत्याच दप्तरात पूर्ण मिळत नाहीत.