रेडिएटरमध्ये ऑईल : हेड उघडण्यापूर्वी काय पाहावे



ज्यांच्या शेतात ऊस आहे आणि दारात ऊस वाहणारा ट्रकही आहे, असे सभासद आपल्या कार्यक्षेत्रात बरेच आहेत. हंगाम लागला की या मंडळींचा जीव दोन ठिकाणी टांगलेला असतो. गट कार्यालयात तोडणीच्या तक्रारींबरोबर वाहनांच्याही तक्रारी येतात, आणि त्यांत "साहेब, पाण्यात ऑईल आलंय, मेकॅनिक हेड उघडायचं म्हणतो" ही तक्रार ठरलेली. प्रस्तुत लेखक शेतकी पदविकेचा माणूस, मेकॅनिक नव्हे. पण भरलेली गाडी रस्त्यात उभी राहिली की ती बाब मेकॅनिकपुरती राहत नाही, उसाची होते. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असे आपण सांगतो, कारण तोडल्या क्षणापासून उसातल्या साखरेचे विघटन सुरू होते आणि वजनही घटत जाते. शिवाय गाडी नाही म्हणून टोळी फडात बसून राहते. मुकादमाला दिलेली उचल मात्र बसत नाही. म्हणून ऑईल कुठून आले याचे निदान नेमके होणे महत्त्वाचे. चुकीच्या जागी पाना लावला की आठवडा गेलाच म्हणून समजा.

सगळ्यात आधी, जे दिसते ते खरोखर इंजिन ऑईलच आहे का, हे पाहावे. हे वाचून काही जण हसतील, पण क्लीनरला एक प्रश्न विचारा : रेडिएटरमध्ये पाणी कशाने घालतोस? बहुतेक गाड्यांवर ऑईलचाच रिकामा डबा तोंड कापून पाण्यासाठी ठेवलेला असतो. त्या डब्याच्या कडांचे ऑईल रोज थोडे थोडे पाण्यात जाते आणि वर रंगीत तवंग दिसू लागतो. तसेच गंज. लालसर, तपकिरी, बोटावर घासले तर किरकिरीत लागणारे पाणी म्हणजे गंज, ऑईल नव्हे. तिसरी गोष्ट जुन्या ड्रायव्हरांची. गंज लागू नये म्हणून ते रेडिएटरमध्ये पाण्यात मिसळणारे तेल, म्हणजे सोल्युबल ऑईल, घालत. त्याने पाणी दुधासारखे पांढरे होते. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाने असे काही घातले होते का, हे विचारावे.

खरे इंजिन ऑईल आले असेल तर चिन्ह वेगळे असते. डिझेल इंजिनातले ऑईल वापरून काळे झालेले असते. पाण्याचा पंप ते पाण्याबरोबर, रवीने ताक घुसळावे तसे घुसळतो, आणि रेडिएटरच्या तोंडाशी, झाकणाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या बाटलीत चहाच्या सायीसारखा जाड, चॉकलेटी-राखाडी थर जमतो. बोटाला चिकटतो, धुतला तरी लवकर जात नाही. वास डिझेलचा येत असेल तर गोष्ट निराळी. काही इंजिनांत इंजेक्टर ज्या नळकांड्यात बसतो त्याच्याभोवती पाणी फिरते, ते नळकांडे गळले की पाण्यात डिझेल येते.

झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्यावरच उघडावे. आपला भाग समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसहाशे मीटर उंच, म्हणजे उघड्या भांड्यात पाणी इथे साधारण ९८ अंशाला उकळते. पण रेडिएटरच्या झाकणाने एक किलोपर्यंत दाब धरला असेल तर आतले पाणी ११५-१२० अंशांपर्यंत न उकळता राहू शकते. झाकण फिरवले की दाब जातो आणि तेच पाणी क्षणात उसळून तोंडावर येते. घाईपायी तोंड भाजून घेतलेले ड्रायव्हर आपल्या गाडीतळावर सापडतील.

आता मुख्य मुद्दा. इंजिनात ऑईल आणि पाणी अगदी शेजारी शेजारी फिरतात, मध्ये धातूची पातळ भिंत किंवा पॅकिंग असते. ती कुठे फुटली हे शोधायचे तर दाबाचे गणित लक्षात घ्यावे. चालत्या इंजिनात ऑईलचा दाब साधारण तीन-चार किलो असतो, पाण्याचा अर्धा ते एक किलो. जास्त दाबाकडून कमी दाबाकडे माल जाणार, म्हणून चालू गाडीत ऑईल पाण्यात येते. इंजिन बंद केले की ऑईलचा दाब एकदम शून्य होतो, पण पाणी गरम असल्याने त्याचा दाब थोडा वेळ टिकतो. तेवढ्या वेळात त्याच भोकातून पाणी उलट ऑईलमध्ये जाऊ शकते. म्हणून नुसता रेडिएटर पाहून भागत नाही, ऑईलही पाहावे लागते.

ते असे पाहावे. गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवावी. पाणी ऑईलपेक्षा जड, ते चेंबरच्या तळाशी बसते. सकाळी इंजिन सुरू न करता चेंबरचा नट थोडा ढिला करून पहिला घोटभर माल काचेच्या बाटलीत घ्यावा. पाणी असेल तर आधी तेच येईल. थोडे असेल आणि दिसत नसेल, तर तवा गरम करून त्यावर ऑईलचा थेंब टाकावा. फोडणी पडावी तसा चरचरला तर पाणी आहे. चेहरा लांब ठेवावा, तवा स्वयंपाकघरातला घेऊ नये. पट्टीवर ऑईलची पातळी वाढलेली दिसली तरी हाच संशय घ्यावा. ऑईलमध्ये पाणी सापडले, तर गाडी एक किलोमीटरही चालवू नये. बेअरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये जो ऑईलचा पापुद्रा असतो तो पाण्याने तुटतो, बेअरिंग धरते, आणि मग दुरुस्ती काही हजारांची न राहता पुऱ्या इंजिनाची होते. फक्त पाण्यात ऑईल आणि ऑईल कोरडे, असे असेल तर धोका त्या मानाने कमी. तरी थर जमून रेडिएटरच्या नळ्या बुजतात, रबरी होज पाईप फुगून मऊ होतात. भरलेली गाडी तुळजापूरच्या घाटात चढवताना काटा लाल पट्ट्यात गेला की मग कळून उपयोग नसतो.

यानंतर बुडबुड्यांची परीक्षा. गार इंजिनात पाणी रेडिएटरच्या गळ्यापर्यंत भरावे, झाकण उघडे ठेवून इंजिन सुरू करावे. पंख्यापासून उपरणे, धोतर सांभाळावे. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ती सोडून द्यावी. त्यानंतरही बुडबुडे थांबत नसतील, ॲक्सिलरेटर दिला की वाढत असतील आणि त्यांना धुराचा वास असेल, तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात घुसतो आहे. हे हेड गॅस्केटचे किंवा हेडला तडा गेल्याचे लक्षण. पण एक फाटा इथे आहे, तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. ब्रेकसाठी हवा भरणारा कॉम्प्रेसर पुष्कळ ट्रकांत इंजिनच्याच पाण्याने गार होतो आणि इंजिनचेच ऑईल वापरतो. त्याचे पॅकिंग गेले तर हवा आणि थोडे ऑईल दोन्ही पाण्यात येतात, आणि माणूस हेडला दोष देतो. ओळखायचे कसे? चाकांना दगड लावावेत. हवेचा काटा भरत जाऊन गव्हर्नर 'फुस्स' करून हवा तोडतो, तेव्हा बुडबुडे थांबतात का पाहावे. मग ब्रेक दाबून हवा कमी करावी, कॉम्प्रेसर पुन्हा भरू लागला की बुडबुडे पुन्हा येतात का पाहावे. येत असतील तर चोर सापडला. ट्रॅक्टरवाल्यांना ही भानगड सहसा नाही, बहुतेक ट्रॅक्टरना हवेचा कॉम्प्रेसर नसतो.

आणि बुडबुडे नाहीत, धुराचा वास नाही, सायलेन्सरमधून पांढरा धूर नाही, इंजिनची ताकद पूर्वीसारखी आहे, पण पाण्यात ऑईल भरपूर आहे, असे असेल तर? तर पहिला संशय ऑईल कूलरवर घ्यावा. हे माझे मत आग्रहाचे आहे. ऑईल कूलर म्हणजे पातळ पत्र्यांची किंवा नळ्यांची पेटी, आतून ऑईल, बाहेरून पाणी. तिची भिंत उष्णता लवकर जावी म्हणून मुद्दाम पातळ केलेली असते, म्हणून तीच आधी कुजते. टाटा आणि कमिन्स यांचा जमशेदपूरचा संयुक्त उद्योग १९९३ सालचा. तिथली सहा सिलिंडरची बी-मालिकेची इंजिने आपल्याकडच्या कितीतरी ट्रकांत आहेत. त्यांत हा कूलर ब्लॉकच्या बाजूला, ऑईल फिल्टरच्या जवळ, झाकणाखाली बसवलेला असतो. बाहेरून दिसत नाही, म्हणून आठवत नाही. तो काढायला काही तास लागतात. हेड उतरवायचे म्हणजे दीड-दोन दिवस तरी धरावेत.

मागे आपल्या एका सभासदाची दहा चाकी गाडी ऐन डिसेंबरात अशीच उभी राहिली. मेकॅनिकने डबा उघडून तपकिरी थर पाहिला आणि तिथल्या तिथे हेड गॅस्केट सांगितले. हेड उतरले, घासून आणले, नवे पॅकिंग बसले. या सगळ्यात चार दिवस गेले. दुसऱ्या खेपेला रेडिएटरमध्ये पुन्हा ऑईल. मग दुसऱ्या मिस्त्रीने कूलर काढला, पाण्यात बुडवून हवा दिली, तर एका कोपऱ्यातून बुडबुड्यांची माळ. मजुरी दोनदा गेली, आणि त्याच्याच फडातला तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर वाळला. बुडबुड्यांच्या परीक्षेला अर्धा तास लागला असता.

कूलर तपासताना तो डिझेलने धुऊन, ऑईलची तोंडे पट्टी आणि रबर लावून बंद करावीत, एका तोंडातून हवा द्यावी आणि कोमट पाण्यात बुडवून बराच वेळ पाहावे. बारीक चीर गार असताना बंद राहते, तापल्यावर उघडते. हवा रेग्युलेटर लावूनच, कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या दाबापर्यंत द्यावी. पंक्चरच्या दुकानातला टाकीचा पुरा दाब एकदम सोडला तर चांगला कूलरही फुटेल. गळका निघाला तर टाका घालून पुन्हा बसवण्याच्या फंदात पडू नये. टाका एक-दोन महिने टिकतो आणि हंगामाच्या शेवटी सुटतो. कूलर निर्दोष निघाला, तर मात्र हेड उघडावे. तिथे ऑईलची वाट आणि पाण्याची वाट यांच्यामधल्या पट्टीवर गॅस्केट जळले आहे का, हेड सपाट आहे का, तडा आहे का, हे बघणे ओघाने आलेच. बीएस-६ हा दंडक १ एप्रिल २०२० पासून लागू झाला. त्या नंतरच्या गाडीला धुराचा कूलर असेल तर तो गळूनही पाण्यात बुडबुडे येऊ शकतात. अशी गाडी वॉरंटीत असेल तर गावात उघडू नये.

दुरुस्तीनंतर खरे काम धुण्याचे असते आणि तिथेच आळस होतो. डिझेल किंवा रॉकेलने रेडिएटर धुऊ नये, रबर जाते. कमी फेसाचा धुण्याचा साबण-चुरा गरम पाण्यात पूर्ण विरघळवून भरावा, केबिनचा हीटर असेल तर चालू ठेवावा, थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इंजिन चालवावे, गार होऊ द्यावे, सोडून द्यावे. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच तीन-चार वेळा करावे, मग नुसत्या पाण्याने साबण काढावा. फुगलेले होज आणि थर्मोस्टॅट बदलावेत. ऑईलमध्ये पाणी गेले असेल तर ऑईल-फिल्टर बदलून, थोडे चालवून पुन्हा एकदा बदलावे. सोडलेले पाणी ओढ्यात किंवा विहिरीजवळ टाकू नये.

कूलर कुजतो का, याचे उत्तर बऱ्याच अंशी आपल्या बोअरच्या पाण्यात आहे. बालाघाटचा हा काळा कातळ, त्यातून येणारे पाणी जड. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो तोच इंजिनात धरतो, त्याच्याखाली धातू तापतो आणि कुजतो. "आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?" असे ड्रायव्हर म्हणतात. बर्फासाठी नव्हे, त्यात गंजरोधक द्रव्य असते म्हणून ते घालायचे. तयार मिश्रण असेल तर पाणी मिसळू नये. घट्ट असेल तर डब्यावरील प्रमाणात, बॅटरीचे किंवा आरओचे पाणी घेऊन करावे. दोन कंपन्यांची, दोन रंगांची एकत्र ओतू नयेत. वाटेत भर घालायला त्याच मिश्रणाचा एक स्वच्छ डबा गाडीत ठेवावा, आणि पहिले आठ-दहा दिवस सकाळी गाडी सुरू करण्याआधी झाकणाची आतली बाजू कापडाने पुसून पाहावी. धुऊन राहिलेले ऑईल दोन-चार दिवस किंचित दिसते आणि कमी होत जाते. वाढत गेले तर खेप न भरता गट कार्यालयाला कळवावे, म्हणजे तुमच्या फडासाठी दुसरे वाहन लावता येईल.