शेजारच्या गॅरेजमधली काळी दारू

"बाबा शेजारच्या आजोबांबरोबर दारूत रमलेत," असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा पुण्यात ताईने कपाळावर हात मारला असणार. खुलासा करायला पाच मिनिटं लागली. ही दारू पिण्याची नव्हे, बंदुकीची!

बाबा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झाले. १८६९ सालचा हा कारखाना. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे डेलावेअरला आले आणि पंधरा दिवसांत कंटाळले. मग एकदा शेजारच्या गॅरेजमध्ये पितळी काडतुसं ओळीने मांडलेली दिसली, आणि स्वारी खूश! व्हिसावर आलेल्या पाहुण्याने बंदुकीला किंवा काडतुसाला हात लावायचा नाही, हे मी बजावलं होतं. त्यामुळे बाबा स्टुलावर बसून नुसते बघत.

आजोबांकडे त्यांच्या पणजोबांची स्प्रिंगफील्ड रायफल आहे, १८७३ च्या 'ट्रॅपडोअर' नमुन्याची. पेटीच्या झाकणासारखं दार उघडायचं, काडतूस सरकवायचं, दार लावायचं. काडतुसाचं नाव '४५-७०'. ४५ म्हणजे गोळीची जाडी, इंचाच्या शंभराव्या भागांत; ७० म्हणजे ७० ग्रेन काळी दारू. आपल्या हिशेबाने साडेचार ग्रॅम, अर्ध्या तोळ्याहूनही कमी.

गंमत म्हणजे हे काडतूस आजही दुकानात मिळतं. फक्त आत काळ्या दारूऐवजी बिनधुराची असते. ही १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएल यांनी तयार केली. १८९८ च्या क्यूबातल्या लढाईत ट्रॅपडोअरवाल्या अमेरिकी स्वयंसेवकांची जागा धुराच्या ढगामुळे शत्रूला लगेच कळायची. तिथून पुढे काळ्या दारूचे दिवस भरले.

एका शनिवारी आजोबांचा नातू दुकानातून नवा खोका घेऊन आला. नाव तेच, माप तेच, काडतूस रायफलमध्ये बसलंही. बाबांनी चष्मा लावून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचली आणि एकदम ओरडले, "नो, नो! गन ओल्ड, प्रेशर न्यू!" ती काडतुसं फक्त आजच्या मजबूत रायफलींसाठी होती.

रात्री बाबांनी मला नीट समजावलं. बिनधुराच्या दारूचं असं, की कोंडमारा वाढला की ती आणखी जोरात जळते. तो दाब आजचं पोलाद सोसतं. दीडशे वर्षांची बंदूक फुटू शकते, आणि तीही नेमकी चेहऱ्याजवळ. म्हणूनच काळी दारू गोळीच्या बुडापर्यंत भरतात, आत पोकळी ठेवत नाहीत; पण तेवढ्याच मापाने बिनधुराची भरली, तर खेळ खलास.

पुढच्या शनिवारी रेंजवर काळ्या दारूचा बार उडाला. ढगासारखा धूर, आणि दिवाळीच्या पहाटेचा वास! बाबा डोळे मिटून उभे राहिले.

पण खरं काम त्यानंतर. काळी दारू जळाली तरी तिचा निम्म्याहून जास्त भाग राख होऊन मागे उरतो. ती राख हवेतला ओलावा ओढते, म्हणून त्याच दिवशी नळी साबणाच्या गरम पाण्याने धुवावी लागते, नाहीतर गंज. रिकामी पितळी काडतुसंही धुवायची. "पितळेला चिंच!" म्हणून बाबांनी माझ्या स्वयंपाकघरातला गोळा नेला. बाबा सांगत होते, आजोबा घासत होते.

परतण्याआधी दोघांना मी हॅगली म्युझियममध्ये नेलं. ब्रँडीवाइन नदीकाठच्या या दारूच्या गिरण्या ड्यु पाँट यांनी १८०२ मध्ये सुरू केल्या. तीन बाजूंना जाड दगडी भिंती, नदीकडची बाजू मुद्दाम कच्ची. स्फोट झाला तर तो नदीकडे जावा, म्हणून. यादवी युद्धात, १८६१ साली, लामो ड्यु पाँट लंडनला जाऊन सोरा खरेदी करून आले. तो सोरा हिंदुस्थानातला होता. "म्हणजे माल आपलाच," बाबा म्हणाले.

बाबा आता खडकीत आहेत. रायफलच्या पेटीवर त्यांनी लिहिलेली चिठ्ठी अजून आहे. वर इंग्रजीत सूचना, खाली मराठीत 'फक्त काळी दारू'. परवा नातवाने मला विचारलं, खालची ओळ कशी वाचायची? मी शिकवली. ताईला मात्र हे सांगितलेलं नाही.