रात्री नाहीसे होणारे चित्र

उज्जैन येथे देवास गेटाजवळील आमच्या गोदामातील एक कॅमेरा दिवसभर उत्तम चित्र देई. दिवेलागण होताच चित्र नाहीसे होई. भय रात्रीचेच, आणि पहारा नेमका तेव्हाच आंधळा! आम्ही कॅमेरा बदलला. पैसे व्यर्थ गेले. अंधारात कॅमेऱ्याचे अवरक्त दिवे लागतात व त्यास वीज अधिक लागते. वीज व चित्र एकाच नेटवर्क-तारेतून वाहतात. तिची मर्यादा १०० मीटर. आमची तार त्याहून लांब, वर मध्ये सैल जोड. वाढलेला भार तिला पेलेना. व्यापारी बंधूंनी कॅमेरा आखूड तारेने स्विचला जोडावा व त्यावर जाड कापड झाकून दिवसाच अंधार करावा. चित्र टिकल्यास दोष बहुधा तारेचा. यंत्राचे घड्याळही पडताळावे. वेळ चुकल्यास चोरीचे चित्रण पुराव्यास लंगडे पडते.