संकल्प आणि पादांशिक क्रम

नववर्षारंभी रुग्ण उत्साहाने सांगतो, "डॉक्टर, आजपासून चहा बंद, पहाटे उठणे सुरू!" मकरसंक्रांतीपर्यंत दोन्ही संकल्प विरलेले असतात. दोष त्याच्या मनोनिग्रहाला देऊन आपण मोकळे होतो. वस्तुतः अहितकर असले तरी दीर्घकाळ सेवन केलेले शरीराला सात्म्य झालेले असते. ते एकाएकी सोडल्यास त्रास होणारच. म्हणूनच चरकसंहितेत, सूत्रस्थानाच्या ७ व्या अध्यायात, पादांशिक क्रम सांगितला आहे. अहिताचा एकेक चतुर्थांश वगळावा, त्याच्या जागी तेवढेच हितकर आणावे आणि टप्प्यांतील अंतर एक, दोन, तीन दिवस असे वाढवीत न्यावे. दिवसाला ४ कप चहा घेणाऱ्याचा प्रथम एकच कप कमी करावा. तोही सायंकाळचा, निद्रा सुधारली की रुग्णाचा विश्वास बसतो. दिनचर्येचा संपूर्ण छापील कागद (तो आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर असतोच) पहिल्याच भेटीत हाती देऊ नये.

नवी सवय सुखकरही हवी. जानेवारी हा हेमंत-शिशिराचा काळ. या थंडीत अभ्यंग विहित आहे आणि कोमट तिळतेल अंगाला लावणे बहुतेकांना आवडते. सर्वांगास वेळ नसेल तर रात्री पादाभ्यंगाने आरंभ करावा. औषधालयचालकांनी अशा रुग्णापुढे लिटरची बाटली न ठेवता लहान बाटली द्यावी. ती संपवून तो दुसरी न्यायला आला, म्हणजे पुढचा टप्पा सुचविण्यास हरकत नाही.